सव्वानऊ फूट

ता. ४ नोव्हेंबर

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमची जुनी लेन्स पोचली. नव्या कॅमेऱ्यासोबत नवी लेन्स घ्यायची ऐपत नव्हती, पण अडॅप्टर स्वस्तात मिळाला आणि ही त्यावर चपखल बसली. फोकस हातानं करावा लागतो, त्यामुळे मांजर दर वेळी निसटतं. पण खिडकीतला उजेड काय सुरेख उतरतो. मधला चेहरा तेवढा स्पष्ट, कडेचं सगळं अर्धवट झोपेत पाहिल्यासारखं. काल दुपारभर मी घरातल्या घरात भटकत होते.

फोकसच्या रिंगवरचे आकडे झिजलेत, पण दोन ठिपके आहेत. पांढरा पाच फुटांचा, म्हणजे तुमच्या पासपोर्ट फोटोच्या स्टुलाचा. लाल कशाचा?

लोभ आहेच, तो पत्रानंही कळवत जा.
तुमची भिंगरी

ता. ९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

लाल ठिपका माझा नव्हे. लहानपणी माझ्या सामानाची वाट कोण लावायचं? आरोपी तूच.

पुढच्या खोलीतला स्टुडिओ महिनाअखेर रिकामा करतोय. तुझी काकू गेल्यापासून तिथं बसवत नाही. 'वाया' लिहिलेली पेटीही भंगारात देईन. रोलच्या शेवटी चुकून बटण दाबलं गेलेल्या एक-दोन फ्रेम कापून मी तीत टाकायचो. कधी नीट पाहिल्याही नाहीत.

चाळीस वर्षं लोकांचे चेहरे टिपले, पण तुझ्या काकूनं त्या खोलीचा उंबरठा ओलांडला नाही. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणायची. माझं काम तिनं एकदा तरी डोळे भरून बघावं असं फार वाटायचं. ते राहूनच गेलं.

मांजरालाही आशीर्वाद.
तुझा काका

ता. १४ नोव्हेंबर

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

मी निर्दोष आहे. तो ठिपका नेलपॉलिशचा आहे, आणि आपल्या घरात ते फक्त काकू लावायची.

रिंग लाल ठिपक्यावर ठेवून टेपनं मोजलं. बरोबर सव्वानऊ फुटांवरचं स्पष्ट दिसतं. उंबरठ्यापासून तुमच्या टेबलापर्यंत किती अंतर आहे, मोजाल? तोवर पेटी कुणाला देऊ नका, तुम्हाला माझी शपथ.

उत्तराची वाट बघणारी,
भिंगरी

ता. २१ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सव्वानऊ फूट. दोनदा मोजलं.

मग पेटी उघडली आणि एकेक पट्टी खिडकीच्या काचेला लावली. बहुतेक सगळ्यांत मीच, पाठमोरा, टेबलावर वाकलेला. निगेटिव्हमध्ये काळे केस पांढरे दिसतात, म्हणून जुन्या पट्ट्यांत मी म्हातारा आहे आणि अलीकडच्या पट्ट्यांत काळ्याभोर केसांचा. ऊन तेवढं सगळीकडे तेच, मानेवर आलेलं.

कॅमेरा दाराजवळच्या खुंटीला असायचा. फोकस करता येत नव्हता म्हणून तिनं ठिपका लावून ठेवला असणार. उंबरठ्यावर उभी राहायची आणि मला पत्ताही लागायचा नाही. फार रडलो, तुझ्यापासून काय लपवू.

पेटी राहील, खोलीही राहील. तू लेन्स घेऊन ये. उंबरठ्यावर उभी राहा आणि लाल ठिपक्यावर लाव. मी तसाच पाठमोरा बसेन.

लोभ आहेच. तो सव्वानऊ फुटांवरूनही करता येतो, हे मला आत्ता कळलं.

तुझा काका