तिसरा ठिपका

८ डिसेंबर
पारनेरच्या पुढच्या टेकडीवरच्या वेधशाळेत रुजू झालो. कोरडी हवा, लख्ख आकाश आणि चौकीदार भिमाजीमामांच्या हातची बाजरीची भाकरी. आणखी काय हवं? माझ्या जोडताऱ्यातले दोघे यंदा एकमेकांच्या सगळ्यात जवळ येतायत. पुन्हा असे यायला बेचाळीस वर्षं. मधलं अंतर आत्ताच मोजलं तर चार वर्षांचा प्रबंध पुरा. आईला सांगितलं, नाताळला केडगावला येतो.

११ डिसेंबर
हवेच्या थरथरीनं तारा फिसकटतो, म्हणून हजारो झटपट फोटो काढायचे आणि स्थिर तेवढेच ठेवून एकावर एक रचायचे. तीन तास निवडत बसलो आणि निघालं काय, तर दोघांशेजारी तिसरा ठिपका. नुसता वैताग. कॅमेऱ्याचाच दोष असणार. शिस्त म्हणून वहीत लिहिलं: तिसऱ्याचं अंतर आठ विकला. एका अंशात अशा छत्तीसशे विकला मावतात.

१३ डिसेंबर
कॅमेरा नव्वद अंश फिरवला. दोष त्याचा असता तर ठिपका जागीच राहिला असता. तो ताऱ्यांबरोबर फिरला. दुर्बीण दुसऱ्या ताऱ्याकडे वळवली. त्याच्याही शेजारी हाच. नाचता येईना अंगण वाकडं, असं माझे प्रबंधाचे सर फोनवर म्हणाले. मी फोन ठेवून दिला. अंतर पाच.

१६ डिसेंबर
माझ्याआधी इथे असलेल्या आराधना साळवेंची वही कपाटात सापडली. आठ, पाच, तीन, एक. पुढे कोरी. मामा म्हणाले, मॅडम चप्पल इथंच सोडून गेल्या, पोलिसांनाही सापडल्या नाहीत. मग हळूच म्हणाले, "आकडा लिवला की त्ये जवळ येतं, आसं म्हनायच्या. तुमी मोजू नका, सायेब."
मोजू नको तर इथे काय भाकऱ्या थापू? आज तीन.

१९ डिसेंबर
तीन रात्री मोजलं नाही. नुसत्या नजरेनं पाहिलं तर ठिपका तिथेच, तीनवर थांबलाय. म्हणजे मामा खरं— भीती वाटतेय. पण उद्याची रात्र गेली की जोडी दूर सरकणार. बेचाळीस वर्षं. आणि मी—

२० डिसेंबर
मोजलं. जोडी मिळाली, प्रबंध झाला. तिसऱ्याचा उजेड वजा केल्याशिवाय दोघे सुटे होईनात, म्हणून त्याचंही लिहिलं. एक.

२१ डिसेंबर, सकाळ
दुर्बीण झाकली. बॅग भरली. दार उघडलं तर कडुलिंबाखाली बाई उभी. अनवाणी. चेहऱ्याच्या जागी तोच ठिपका. मामांना दिसत नाही. बारा पावलं—
लिहायला नको होतं. हाताची सवय. सात. खोडलं तरी— तीन—
मामा, आईला सांगा, नाताळला— एक—