रूळ जमिनीला जखडू नयेत

मी, व्हर्ना लुईस स्टोल्झ, कै. एमिल स्टोल्झ यांची पत्नी, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार मिल फोर्क, ओहायो, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून करीत आहे. डोके ठिकाणावर आहे. एक कान गेला आहे, पण मृत्युपत्र कानाने लिहीत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तो आणायला दोघे आले होते, ते कॉफी पिऊन परत गेले. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते.

राहते घर, त्यातील सामान व बँकेतील शिल्लक माझा एकुलता एक मुलगा डॅरेल याला मिळावी. घर विकायचे तर त्याने खुशाल विकावे. शिलाई मशीन सुनेला. ती वापरणार नाही, पण विचारले नाही असे तिने म्हणू नये.

घरालगतचा बागेचा तुकडा मात्र वेगळ्या खरेदीखताने माझ्या एकटीच्या नावे आहे. त्यावर माझी छोटी, खेळण्याएवढी पण खरोखर धावणारी रेल्वे आहे: रूळ, तळ्यावरचा पूल, दोन स्टेशने, छाटून ठेंगणी ठेवलेली स्प्रूसची झाडे, सर्व इंजिने व डबे. ती कोणाला द्यायची हे लिहिण्याआधी थोडे सांगणे भाग आहे, कारण डॅरेल विचारणारच.

तरुणपणी मी खऱ्या रेल्वेत तिकीटखिडकीवर होते. इंजिन चालवायला शिकते म्हटले तर साहेब म्हणाले, "पोरी, नखं काळी होतील तुझी." नोकरी संपली त्याच वसंतात मी बाग खणायला घेतली. एमिल म्हणाला, "अगं, लोक हसतील." मी म्हटले, हसू देत, त्यांच्या पदरचे काय जाते? पुढे तोच पूल रंगवायला गुडघ्यांवर बसला. या रेल्वेत इंजिन मी चालवते, आणि परवानगी कोणाला विचारत नाही.

बागेतले रूळ खडीवर नुसते ठेवायचे असतात. उन्हात ते लांबतात, थंडीत आखडतात, त्यांना हलायला जागा लागते. माझ्या कमरेचे हाड मोडले तेव्हा मी दवाखान्यात असताना डॅरेलने मला खूश करायला पुलाजवळ काँक्रीट ओतले आणि रूळ स्क्रूने आवळून टाकले. जुलैच्या उन्हात तिथले रूळ कमानीसारखे वर उठले आणि माझे वाफेचे इंजिन तळ्यात गेले. "आई, मी तर पक्कं करून दिलं होतं," असे तो म्हणाला. ते काँक्रीट मी माझ्या हाताने फोडले.

त्यानंतर वसाहतीच्या समितीची नोटीस आली की बागेत कायमस्वरूपी बांधकाम आहे, ते हटवावे. अध्यक्ष श्री. रसेल कर्ट्झ पाहणीला आले. त्या दिवशी ऑरिन टटल हजर होता. हा गृहस्थ आमच्या छंदातला, चूक काढायला इंजिनाचे रिव्हेटसुद्धा मोजणारा. गेली कित्येक वर्षे माझे डोके खातो, "व्हर्ना, खऱ्या रेल्वेत हे डबे आले तेव्हा हे इंजिन भंगारात गेलं होतं गं. एकाला एक जोडतेस तरी कशी?" मी म्हणते, माझी रेल्वे, माझे भंगार.

तर हा ऑरिन खाली वाकला आणि रुळांचा एक लांब तुकडा दोन्ही हातांनी उचलून कर्ट्झसाहेबांच्या नाकापुढे धरला. "कायमस्वरूपी? उद्या सकाळी सगळं उचलून माझ्या अंगणात नेतो. तुम्ही तुमची ती विटांची टपालपेटी उचलून दाखवा बघू."

कर्ट्झसाहेब लाल झाले. जाताना मला म्हणाले, "ठीक आहे, मिसेस स्टोल्झ. तुम्ही आहात तोवर राहू दे. तुमच्यानंतर हे इथं राहणार नाही." रात्री डॅरेलला फोनवर सांगितले तर तो म्हणाला, "त्यांचं काय चुकलं, आई? तू गेल्यावर चालवणार कोण?"

म्हणून मी असे ठरवते की बागेचा तुकडा व संपूर्ण रेल्वे ऑरिन टटल याला मिळावी. रूळ त्याने जमिनीला कधीही जखडू नयेत. हिवाळ्यात बर्फ काढणारी गाडी चालवावी. शनिवारी फाटक उघडे ठेवावे, आणि जी मुलगी मागेल तिच्या हाती इंजिन द्यावे. माझ्या वाफेच्या गाडीचे डबे बदलू नयेत. चडफडावे, पण बदलू नयेत.

श्री. कर्ट्झ यांना मी काहीही ठेवत नाही. गाडीने जिथे शिटी वाजवायची तो शिटीचा खांब त्यांच्या खिडकीच्या बाजूला आहे, तो तिथेच राहील.

या वाटणीला जो कोर्टात आव्हान देईल, त्याला माझ्या मिळकतीतून फक्त शेडमागे ठेवलेले काँक्रीटचे ढेकूळ मिळेल, स्क्रूंसकट.

डॅरेल, तू ते काँक्रीट मायेनेच ओतलेस, हे मला ठाऊक आहे. माझी तुझ्यावर माया आहे, ती कमी झालेली नाही. पण तू ही रेल्वे माझी आठवण म्हणून जपशील आणि तिच्यावर ताडपत्री घालशील. मला ती चालू हवी आहे.

ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात. म्हणून ऑरिनला मी बाहेर ठेवले आहे. त्याला यातले काही माहीत नाही. खिडकीतून दिसतो आहे. रुळांवरची पाने झाडतो आहे आणि मी उशीर करते म्हणून बडबडतो आहे.

व्हर्ना लुईस स्टोल्झ (सही)
मिल फोर्क, ओहायो, १९ ऑक्टोबर २०१९

वरील सही व्हर्नाबाईंनी आमच्या देखत केली व आम्ही आमच्या सह्या त्यांच्या देखत केल्या. आमची शाई वाळायच्या आत त्या गाडी चालवायला बाहेर गेल्या.

साक्षीदार:
१. लोइस बर्कहार्ट, औषधांचे दुकान (सही)
२. क्लाइड वेंगर, शेजारी (सही)