सूनबाईचा पासवर्ड अन् माझा शहाणपणा

शेलूबाजार, गुरुवार दुपार

आदरणीय बबनराव इवाई यांस चंपतचा हात जोडून रामराम. तुमचा गुडघा आता पायरी चढू देते का? इहीणबाईची शुगर कशी आहे? (त्याइले सांगा, गुळाच्या चहानं शुगर वाढत नाही हे कोणत्याच डॉक्टरनं सांगतलं नाही.) ज्योत्स्ना पोचली असन. तिचा चेहरा कसा आहे, तेवढं जरा निरखून पाहा.

पत्र लिहाचं कारण म्हणजे तुमच्या लेकीचं कौतुक. बावीस वर्षं मी लग्नपत्रिका छापून राह्यलो. कॉम्प्युटर कोणी शिकवला नाही, बटनं दाबत दाबत शिकलो. पण सूनबाईनं जे केलं ते मले सात जन्मात सुचलं नसतं. आपल्या दुकानाचा कॉम्प्युटर म्हणजे गावची चावडी. एकच खातं, तेही ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे घरधन्याचं. गोविंदसिंग (शेजारचा टायरवाला, तोंडाचा तिखट) त्यात भजनं उतरवे, कोणी गेम टाके, अन् एक दिवस व्हायरस आला. ज्योत्स्नानं सारं पुसलं अन् दोन खाती केली. घरधन्याच्या खात्याचा पासवर्ड तिच्यापाशी. बाकी सगळ्याइले, माझ्यासकट, साधं खातं.

झालं! पत्रिकेचं आपलं सॉफ्टवेअर वीस वर्षांचं म्हातारं, साध्या खात्यात उघडेच ना. मी तणतणलो, "अवं, ज्यानं हजारो लग्नं लावली त्यालेच तू उंबऱ्याबाहेर ठेवलं?" गोविंदसिंग म्हणे, "काका, सगळ्याइलेच घरधनी करून टाका, कटकट मिटली!" पोरगी तीन दिवस मशीनपुढं बसली, काय काय चूक दाखवते ते वहीत उतरवत. मंग म्हणे, "मामाजी, म्हाताऱ्याची खोड समजली. तो आपली मांडणी आपल्याच फोल्डरात लिहून ठेवते, अन् साध्या खात्याले तिथं लिहाची मनाई आहे." तिनं त्या एका फोल्डरावर राइट-क्लिक केलं, सिक्युरिटीत गेली अन् साध्या खात्याले तिथं लिहाची मुभा देली. तेवढीच! सॉफ्टवेअर भुर्रकन उघडलं. बबनराव, सालदाराले कडब्याच्या कोठ्याची किल्ली द्यावं, घराची नाही, हे आपण जन्मभर करत आलो. पण मशीनमंधी ते सुचाले डोकं लागते.

पुढं थोडी गडबड झाली. (सांगण्यासारखी नाही, पण सांगतो.) ती कागद आणाले कारंज्याले गेली. जाताना पासवर्डची चिठ्ठी बंद पाकिटात देली, "मामाजी, फक्त अडीनडीले." तेवढ्यात गोविंदसिंगनं नव्या नक्षीचं फुकटचं सॉफ्टवेअर आणलं, ते घरधन्याचा पासवर्ड मागे. मी म्हटलं, राहू दे. तर चारचौघात म्हणे, "काका, दुकान तुमचं, अन् नाक शिंकराले सुनेले इचारता का?" माझी मिशी थरथरली. पाकीट फोडलं अन् ते सॉफ्टवेअर टाकलं. (अडीनड होतीच, माझ्या इज्जतीची.)

दुसऱ्या दिवशी त्या फुकट्यापायी साऱ्या अक्षराइच्या चौकटी झाल्या. हिरीबाई म्हणून एक गिऱ्हाईक, तिच्या पोरीची पहिली पत्रिका त्याच दिवशी कुलदैवतापुढं ठेवाची होती, अन् नवरीच्या नावाच्या जागी सहा रिकामे डबे! हिरीबाई डोळ्याले पदर लावून बसली. ज्योत्स्नानं कारंज्याहून येताच माझा सारा उपद्व्याप काढून टाकला, पेनड्राइव्हवर जपलेली जुन्या अक्षराइची नक्कल लावली अन् चार वाजता पत्रिका तिच्या हातात ठेवली. वरून म्हणे, "लाइन गेली होती, काकू." माझं नावही घेतलं नाही. अशी लेक तुमी आमच्या घरी देली, हे उपकार कसे फेडावं?

थोरल्याइच्या पायावर डोकं, लहान्याइले पापा.

तुमचा चंपत

ता. क. : ती पापड कराले आली म्हणत असन. पापड नाही अन् कुरड्या नाही, माझ्यावर रुसून आली. तिचंच खरं आहे. मी अजून 'चुकलो' म्हटलं नाही. सासऱ्याच्या तोंडून तो शब्द निघत नाही, म्हणून इतका कागद खराब केला. हे पत्र तिले वाचून दाखवा.

ता. क. दुसरं : ती येईन तवा तिनं नवा पासवर्ड ठेवावं अन् मले सांगू नये. गोविंदसिंगले मी आज भर चौकात सांगतलं, "घरधनीण माहेरी आसेगावले आहे, तिले विचार."

ता. क. तिसरं : जीप सुटून राह्यली, म्हणून थोडक्यात. ती गेली त्या दिवशी मी एक जुनी पत्रिका उघडून बंद कराले गेलो, तर कॉम्प्युटर विचारते, 'बदल ठेवायचे का? हो / नाही.' दोन दिवसांपासून तसाच चालू आहे, वर फडकं टाकलं. तिले विचारल्याबगर मी बटनाले हात लावत नाही. तवा राग गेला नसन तरी चालन, पण 'हो' का 'नाही', एवढं जीपवाल्यासंग कळवा.