वीस मिनिटांचा जनरेटर

७ जाने.
परत बंद. आज एकोणीस मिनिटं. काल एकवीस, परवा वीस. आधी आवाज बदलतो, मग खोकल्यासारखं करतो, दोन आचके देतो आणि शांत. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. आणि पुन्हा वीस मिनिटांत बंद.

गाडी घेतली ती प्रकाशसाठी. ऑक्सिजनच्या मशीनशिवाय आता त्याला चालत नाही आणि मशीनला वीज लागते. मुलुंडहून कोकणात आचऱ्याला पोचायला आमच्या वेगाने बारा-तेरा तास. त्याची मोठी बहीण, आक्का, चौऱ्याऐंशीची. गुडघ्यांमुळे उंबऱ्याबाहेर येत नाही. तीन वर्षं दोघं भावंडं फोनवर. म्हणून ही आत पलंग, ओटा, एसी असलेली जुनी गाडी, आणि तिच्या पोटात नवा डिझेल जनरेटर. जुनं सगळं नीट चालतंय. नवंच तेवढं...

संध्याकाळी आक्काचा फोन. "तुमची ती मोटारीतली खोली कधी येतली?"
प्र. म्हणाला, "वैजू बघतेय."
हो. वैजू बघतेय.

९ जाने.
कंपनीच्या अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरला फोन. मी सगळं सांगितलं: किती मिनिटं, कसा आवाज, पुन्हा कधी सुरू होतो. पलीकडची मुलगी गोड आवाजात, "मॅडम, सरांना फोन देता का?" म्हटलं, सर झोपलेत, आणि जागे असते तरी त्यांनी तुला "जनरेटर बंद पडतो" एवढंच सांगितलं असतं.
माणूस परवा पाठवतात.

११ जाने.
चौहान नावाचा इंजिनीअर आला. अकराला येणार होता, सव्वातीनला. आल्या आल्या प्र.ला नमस्कार. प्र. नाकात नळी लावून गाडीच्या दारात खुर्चीवर बसलेला. बोलताना धाप लागते हे आंधळ्यालाही कळेल. तरी प्रश्न त्यालाच. उत्तरं मी देत होते आणि चौहान मान त्याच्याकडे बघून हलवत होता.

निदान झालं दोन मिनिटांत. "लोड जास्त होतोय. एसी आणि मशीन एकत्र लावू नका."
मी म्हटलं, ओव्हरलोडने असा बंद पडत नाही. फटकन ट्रिप होईल, लाल दिवा लागेल. हा तडफडून जातो. याला डिझेल मिळत नाहीये.
"मॅडम, आम्ही रोज हेच करतो."
मीही रोज हेच करत होते! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं. पॉवर प्लांट माझ्याकडे. शहरातली वीज गेली की अख्खं एक्स्चेंज ज्या जनरेटरवर उभं राहायचं तो माझ्या सहीने चालू व्हायचा. हे सगळं बोलले नाही. बोलायला हवं होतं.

फिल्टर बदलला, कारण मी हट्ट धरला. पाच मिनिटं चालवून दाखवला, झालं म्हणाला. वीस मिनिटं थांबा म्हटलं तर त्याला वाकोल्याला दुसरा कॉल होता. जाताना जनरेटरच्या कप्प्याच्या दारावर स्टिकर चिकटवलं. सील तोडलं तर गॅरंटी गेली.
तो गल्लीच्या टोकाला पोचला नसेल. बंद.

आणि खरं कारण, ज्यासाठी आज एवढं लिहितेय. मी वर पाणी आणायला गेले होते. परत येताना जिन्यातून ऐकलं. प्र. चौहानला हसत सांगत होता, "जाऊ दे हो, तिला सवय आहे सगळ्यात डोकं घालायची."

१२ जाने.
प्र.शी बोलले नाही. औषधं दिली, मशीनचं पाणी बदललं, चहा दिला. बोलले नाही.

१५ जाने.
सोसायटीचं पत्र. आवारात जनरेटर चालवू नये. सेक्रेटरींच्या स्वतःच्या घराचं काम गेल्या वर्षी चार महिने चाललं, भर दुपारी ड्रिल. तेव्हा पत्र कुणी काढलं नाही.
गाडी काढली आणि मिठागराकडच्या रस्त्यावर नेली. एकटीच. एक गृहस्थ थांबून म्हणाले, "एवढी मोठी गाडी तुम्ही चालवता?" नाही, ती मला चालवते.

एसी लावून: २० मि.
एसी न लावता, फक्त एक पंखा: ४६ मि.
चौहान म्हणेल, बघा, लोड. पण नीट बघ ना बाबा. लोड कमी तर डिझेल कमी जळतं. हा घड्याळ बघून बंद पडत नाही. ठरावीक डिझेल प्यायला की बंद पडतो. पण टाकी तर भरलेली आहे. मग?

१६ जाने.
सर्व्हिस सेंटरला आकडे कळवले. उत्तर आलं: कंट्रोल कार्ड बदलावं लागेल, कार्ड यायला सहा आठवडे. सोबत चौहानच्या भेटीचा रिपोर्ट. "ग्राहकास योग्य वापराबाबत मार्गदर्शन केले."
मार्गदर्शन!
सहा आठवड्यांनी उन्हाळा सुरू. डॉक्टर म्हणाल्या होत्या, न्यायचं तर थंडीत न्या. उन्हात त्यांना झेपणार नाही. पुढच्या थंडीचं त्या काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

१९ जाने.
वाकोल्याचा पिंटो, जनरेटर दुरुस्त करतो, शेजारच्या कामतांनी नंबर दिला. गाडी घेऊन गेले. प्र.ला बरोबर नेलं नाही. मुद्दामच.
पिंटो साठीचा. आधी माझ्या मागे बघितलं, आणखी कोण उतरतंय का. कोणी उतरलं नाही. मग म्हणाला, "बोला." मी बोलले. त्याने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. गॅरंटीचं सील बघितलं, कप्पा न उघडता बाहेरून कान लावून पूर्ण वीस मिनिटं उभा राहिला. बंद पडल्यावर म्हणाला, "डिझेलचाच प्रॉब्लेम आहे, तुम्ही बोलता तेच. पण का, ते मला समजत नाय. खोटं कशाला बोलू?"
तीन आठवड्यांत पहिला माणूस ज्याने "समजत नाही" म्हटलं. रडू येईल असं वाटलं. त्याच्यासमोर नाही आलं, सिग्नलला आलं.

निघताना म्हणाला, "सील तोडा म्हणून मी नाय सांगणार, मॅडम. पण गाडी कुणाची आहे?"

२० जाने.
तोडलं.
नखाने खरवडून, दोन मिनिटांत. बत्तीस वर्षं ज्या बाईने हायव्होल्टेजच्या पाट्या ओलांडून काम केलं ती एका चिकटपट्टीला नऊ दिवस घाबरून बसली. चौहानचा राग आहेच. पण माझाही आहे.

गाडी मिठागराकडे नेली, जनरेटर चालू केला, बंद पडायची वाट बघितली. बंद पडला. लगेच आत हात घालून त्याच्या छोट्या टाकीचं झाकण फिरवलं.
स्स्स्...
बाहेरची हवा आत गेली. बराच वेळ जात राहिली. मी तिथेच रस्त्यावर फतकल मारून बसले.

टाकीतून डिझेल गेलं की त्या जागी हवा यायला हवी. नाही आली तर आत पोकळी होते, मग पंप कितीही ओढो, थेंब येत नाही. थांबलं की हळूहळू कुठून तरी हवा झिरपते आणि पुन्हा वीस मिनिटं. एवढंच! कार्ड नाही, लोड नाही, माझा वापर नाही. हवेची नळी बुजलीय.
झाकण ढिलं ठेवून, एसी लावून चालवला. एक तास चाळीस मिनिटं. मीच बंद केला.
घरी येऊन पहिल्यांदा कुणाला सांगावंसं वाटलं? त्यालाच. सांगितलं नाही.

२१ जाने.
पिंटोकडे. टाकीच्या खालून हवेची नळी काढली, तार घातली. सुकलेल्या मातीच्या गोळ्या पडल्या, आणि त्यांच्याबरोबर बारीक बारीक मेलेले कोळी. कुंभारमाशीने नळीत घर केलेलं. पिलांसाठी कोळी भरून ठेवलेले. पिंटोने तळहातावर घेऊन बघितलं. "काय फिटिंग केलंय बघा. हवा नाय जाणार."
नळीच्या तोंडाला जाळी बसवून दिली.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. चौहान स्वतः बोलला. "मॅडम, टाकी आमच्यात येत नाही. आणि तुम्ही सील तोडलंय, तर आता गॅरंटी..." माझं काय चुकलं होतं ते त्याने मला पुन्हा नीट समजावून सांगितलं. शेवटपर्यंत "सॉरी" हा शब्द नाही. मी फोन ठेवला नाही, आपटला.

२२ जाने.
भांडण. व्हायचंच होतं.
मी प्र.ला सांगितलं, झालं, चालतो, आपण पुढच्या आठवड्यात निघतोय. तो "बरं" म्हणाला. नुसतं बरं. मग माझा बांध फुटला. जिन्यातून ऐकलेलं वाक्य त्याला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. पस्तीस वर्षं गणिताच्या तासाला मुलांना म्हणत आलास ना, आधी पायऱ्या दाखवा? माझ्या पायऱ्या त्या माणसासमोर पुसल्यास तू.

त्याने श्वास गोळा केला. मग म्हणाला, "बंद पडत होता ते मला बरं वाटत होतं."
"काय?"
"घाटात बंद पडला तर? तू स्टिअरिंगवर, मी मागे. बॅटरीवर मशीन तासभर, सिलिंडर दोन तास. मी मोजलंय, वैजू. सारखं मोजत असतो."
"मग मला बोलायचं ना! तीन आठवडे मी डिझेलच्या वासात..."
"तुला सांगितलं असतं तर तू मलाही दुरुस्त करायला घेतलं असतंस."

उठून स्वयंपाकघरात आले. भात लावला. राग गेला नाही, पण कुणावर काढायचा तेच कळेना. भीती वाटते म्हणणाऱ्या माणसावर कसा काढणार. आणि माझं हसं केलं ते केलंच ना त्याने. दोन्ही खरं आहे.

२६ जाने.
सुट्टी. गाडीत बसवून त्याला ठाण्यापलीकडे चक्कर. तीन तास दहा मिनिटं सलग, एसी, मशीन, सगळं. तो सगळा वेळ जनरेटरच्या कप्प्याकडे बघत होता. मी आरशातून त्याच्याकडे.
घरी आल्यावर: "त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं."
"नकोच होतं."
बस.

१ फेब्रु.
उद्या पहाटे निघायचं. दोन सिलिंडर घेतले, एक नाही. तो मोजतो तर मोजू दे, आकडा तरी मोठा असू दे. त्याला सांगितलं, कुठेही "परत फिर" म्हणालास तर फिरेन, वाद घालणार नाही. तो म्हणाला, "तू? वाद घालणार नाहीस?"
आक्काने सोलकढीचे कोकम भिजत घालते म्हणून कळवलंय. उद्यासाठी, आजपासून.

२ फेब्रु., सकाळी ९.४०
पनवेल कधीच मागे पडलं. पेट्रोलपंपाच्या कडेला झाडाखाली. सव्वातीन तास झाले, एकदाही खोकला नाही.
नाश्त्याला थांबलो. प्र.ने दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "थांब जरा. आक्काशी बोलतो." फोन घेऊन गाडीत मागे गेला. दार ओढून घेतलं. तेरा तासांतले जेमतेम तीन झालेत, घाट पुढे आहे. इथून आचऱ्यापेक्षा मुलुंडचं घर जवळ.

मी बाहेर, वहीसकट. खिडकीतून त्याची पाठ दिसतेय. हात हलवून काहीतरी समजावतोय तिला. येतोय म्हणतोय की राहू दे म्हणतोय, कळायला मार्ग नाही. जनरेटर जोरात चालू आहे. एक शब्द ऐकू येत नाही.