केसांचं टॉनिक, तेवीस लिटर

...आणि नेमके तेव्हाच बाबा खोलीत आले, म्हणून मी फोनवर एकदम "नाशिकला पाऊस कसा आहे मामा?" असं विचारलं. तू पलीकडून "अगं पाऊस गेला खड्ड्यात, तेवीस लिटर काय लावलंयस ते सांग" म्हणत होतास ते मला नीट ऐकू येत होतं, पण बाबा चार्जर शोधत होते आणि बाबांना चार्जर शोधायला कमीत कमी दहा मिनिटं लागतात. म्हणून मी पावसावरच राहिले. तर आता सांगते काय लावलंय ते. म्हणजे लावलं होतं.

थांब, नमस्कार राहिला. प्रिय चेतनमामा, तुला आणि मामीला साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत (हे वाक्य पत्राच्या शेवटी परत वाच आणि ठरव). पत्रच का, तर माझं व्हॉट्सॲप आईच्या टॅबवर आपोआप उघडतं आणि आई ते पेपरसारखं वाचते. आमच्या बिल्डिंगमधला कुणाल उद्या सुट्टीवर नाशिकला निघालाय, त्याच्याबरोबर हे देतेय. माझं मराठी हस्ताक्षर आईला लागत नाही, त्यामुळे हे एन्क्रिप्टेड आहे असं समज. दुसरी बातमी म्हणजे तीस तारखेला मला ऑफिसमध्ये दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर सही करायचीय. बाबांनीच शब्द टाकून मला इथे दोह्यात, वेस्ट बेच्या ऑफिसात चिकटवलं होतं, त्यामुळे त्यांनी अख्ख्या महाराष्ट्र मंडळात सांगून टाकलंय की वल्लरी पर्मनंट झाली. त्याबद्दल मी आत्ता काही बोलणार नाहीये. हे पत्र बादलीबद्दल आहे.

आमचा स्कॉटिश मॅनेजर नोकरी सोडून घरी गेला. जाताना त्याने घरातलं न नेण्यासारखं सगळं ऑफिसच्या पँट्रीत मांडलं आणि म्हणाला, यल्ला, चला, घेऊन जा. शफाने (ही माझ्या शेजारच्या डेस्कवर बसते, कालिकतची आहे, दिसलेली वस्तू सोडत नाही) ज्यूसर घेतला. मला उरलं एक पांढरं बादलीएवढं खोकं. आत एक बादली, नळी, झाकण, यीस्टची पुडी आणि एक जाडजूड डबा, ज्यावर लिहिलं होतं ब्राउन एल, तेवीस लिटर. मामा, तू वायनरीच्या लॅबमध्ये आहेस, तुला मी काय सांगणार, पण ब्राउन एल म्हणजे बिअरची सावळी, जरा गंभीर चुलतबहीण. मला आधी वाटलं परत ठेवावं. मग आतला कागद वाचला. त्यावर फक्त आठ ओळी होत्या. डबा गरम पाण्यात ठेवा, ओता, साखर घाला, पाणी घाला, यीस्ट घाला, झाकण लावा, वाट बघा, प्या. अख्ख्या इंजिनियरिंगमध्ये मला इतकं स्पष्ट कोणी काही सांगितलं नव्हतं.

इथे घरी असलं काही करणं हा गुन्हा आहे हे मला माहीत आहे, तू परत सांगू नकोस. पकडले गेले तर मी एकटी नाही, बाबांचा व्हिसा, बावीस वर्षांची नोकरी, अल सद्दचा फ्लॅट, सगळं खलास. हे मला पूर्ण माहीत होतं आणि तरी मी डबा उघडला. आत काय होतं माहितीय? काकवी. अगदी काकवीसारखं काळं, घट्ट, आणि वास असा की बेकरीत कोणीतरी कडू काढा उकळतंय. मी बोट घालून चाटलं आणि मग मला थांबवणारं जगात कोणी उरलं नाही.

साखर हवी होती एक किलो. घरातली संपली होती, म्हणून आईच्या डब्यातला कोल्हापुरी गूळ घेतला (रंग तरी मॅच होतो). मग पाणी. इथेच पहिली माती खाल्ली. सप्टेंबरमध्ये दोह्यात गार पाण्याचा नळ गरम असतो, कारण टाकी गच्चीवर उन्हात. गार पाणी हवं असेल तर गीझर बंद ठेवायचा आणि गरम नळ सोडायचा. हे इथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. मी बावीस वर्षं इथे राहते आणि एक्साइटमेंटमध्ये गार नळ सोडला. यीस्ट टाकून झाल्यावर थर्मामीटर घातला तर त्रेचाळीस. तो यीस्ट गेला बिचारा. दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये एसीच्या गारव्यात पाणी चोवीसवर येऊ दिलं आणि कोपऱ्यावरच्या बकाल्यातून (म्हणजे किराणा दुकानातून) पावाचा यीस्ट आणून घातला. संध्याकाळी ऑफिसमधून आले तर बादलीतून आवाज. बुडुक. मग बराच वेळ काही नाही. मग बुडुक. मामा, मी बाथरूमच्या फरशीवर बसून पाऊण तास ते ऐकलं. माझ्या हाताखाली एवढे अब्जावधी जण पहिल्यांदाच काम करत होते आणि एकानेही मला ईमेल पाठवला नव्हता.

चौथ्या दिवशी आईने बादली पकडली. "हे गं काय वल्लरी?" मी म्हणाले, केसांचं टॉनिक. तोंडाला येईल ते बोलले, पण मामा, याहून चांगलं खोटं या शहरात नाही. इथे प्रत्येक बाईचे केस गळतात आणि प्रत्येक बाई नळाला येणाऱ्या समुद्राच्या पाण्याला शिव्या घालते. मी म्हटलं, बार्लीचं आहे, आंबवायला लागतं. आईचे डोळे असे चमकले की मला लाज वाटली. "मग मला आधी का नाही सांगितलंस? आणि माझा गूळ त्यातच गेला का?" म्हटलं हो. "गेला तर गेला, केसांपेक्षा जास्त आहे का."

त्यानंतर आई रोज बादली बघायला लागली. सातव्या दिवशी बुडबुडे मंदावले. हे व्हायलाच हवं असतं, साखर संपत आली की असं होतं. पण आईने आयुष्यभर इडलीचं पीठ आंबवलंय, आणि तिच्या मते जे फुगत नाही ते बिघडलेलं. "एवढ्या एसीत काय आंबणार, डोंबल? आणि ही नळी कशाला? हवा बाहेर सोडली तर फुगेल कशाने?" मी म्हटलं, आई हात लावू नकोस, आणि ऑफिसला गेले. ही माझी दुसरी चूक. आईला हात लावू नकोस सांगणं म्हणजे पत्ता लिहून देणं.

आता तुला आमच्या घरची एक पद्धत सांगायला हवी. एसीत पीठ येत नाही म्हणून आई इडलीचं पातेलं बाबांच्या गाडीत ठेवते. बाबा ऑफिसच्या मागच्या वाळूच्या मोकळ्या मैदानात गाडी उन्हात लावतात आणि संध्याकाळी पीठ दुप्पट होऊन घरी येतं. पंधरा वर्षं हे चालू आहे. (बाबांची दर दोन वर्षांनी ऑफिसात ट्रान्स्फर व्हायची चर्चा होते, तेव्हा आईचा पहिला प्रश्न असतो, तिथलं पार्किंग उघडं आहे का.) तर आईने नळी काढली, भोकात बूच कोंबलं, झाकण चारी बाजूंनी दाबलं, वरून जुन्या ओढणीने करकचून बांधलं आणि वॉचमनच्या ट्रॉलीवरून बादली डिकीत. डिकीत आधीच मंडळाचे दिवाळी कार्यक्रमाचे चाळीस फेटे होते, कारण बाबा यंदा अध्यक्ष. बाबांना एवढंच सांगितलं, "मागे टॉनिक आहे, हळू चालवा."

म्हणजे मामा, चित्र डोळ्यांसमोर आण. महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष सुरेश देवधर, आयुष्यात चॉकलेटमधली रमसुद्धा बाजूला काढून खाणारा माणूस, इस्त्रीचा शर्ट घालून, समुद्रकाठच्या कॉर्निशवरून, पोलिसांच्या दोन गाड्यांच्या मधून, तेवीस लिटर ब्राउन एल घेऊन ऑफिसला गेले. आणि सिग्नलला दुसऱ्यांना रस्ता दिला असणार, ते नेहमी देतात.

दुपारी सव्वादोनला बाबांचा फोन. मला, आईला नाही. "वल्लरी, त्या टॉनिकचं झाकण उडालंय." मी म्हटलं, कुठपर्यंत? म्हणाले, "डिकीचं दार वाचलंय." पार्किंगचा गार्ड रहमान आवाज ऐकून धावत आला होता. बाबांनी डिकी उघडली तर फेस बाहेर येत होता, जसा काही आत कोणी दाढी करत बसलंय. रहमानने वास घेतला आणि बाबांकडे बघितलं. हे पुढचं बाबांनीच जेवताना सांगितलं. बाबा म्हणाले, "कुछ नहीं रहमानभाई, बीवी का इडली का आटा है." रहमान बादलीकडे बघून म्हणाला, "बहुत बड़ा परिवार है साहब." आणि त्याने स्वतःच पाण्याची नळी आणून जमीन धुवून दिली. शुक्रन रहमानभाई, या मुलीकडून, जन्मभर.

बाबा घरी आले, शर्ट बदलला, आमटी-भात खाल्ला. रहमानची गोष्ट सांगितली आणि आईकडे अजून आमटी मागितली. त्यांना वास कशाचा तेच कळलं नसणार, कुठून कळणार बिचाऱ्यांना. मी इतकी सुटले मामा, की आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसले. फेटे तीन वेळा धुतले, केशरीचे आता बिस्किटी झालेत आणि उन्हात ठेवले की पावाचा वास येतो. दिवाळीला चाळीस माणसं डोक्याला पाव बांधून नाचतील, इन्शाल्ला.

पण गोष्ट इथे संपत नाही. बादलीच्या तळाला सहा लिटर उरलं होतं. आईने त्याने केस धुतले. आणि मामा, केस उठून दिसायला लागले. खरंच दिसायला लागले, चकाकायला लागले, पार्लरमधून आल्यासारखे. शुक्रवारी मंडळाची मीटिंग आमच्याकडे होती. आलेल्या चारही काकूंनी विचारलं, नीता, काय लावतेस गं? आईने वाया कशाला घालवायचं म्हणून शाम्पूच्या रिकाम्या बाटल्या धुतल्या, त्यात टॉनिक भरलं, "जोर यावा म्हणून" वरून प्रत्येकीत चमचाभर गूळ घातला (हे तिला कोणी शिकवलं? बाटलीतल्या बिअरला फेस यावा म्हणून लोक हेच करतात) आणि झाकणं घट्ट लावून वाटली. म्हणजे आता अल सद्दच्या चार सज्जन बाथरूममध्ये माझी ब्राउन एल दुसऱ्यांदा आंबतेय. तर प्रश्न असा: एवढं ऊन सोसल्यावर यीस्ट जिवंत असेल का? बाटल्या फुटतात का? फुटल्या तर किती दिवसांनी? पत्र मिळालं की लगेच फोन कर आणि आई जवळ असेल तर फक्त "फुटतं" किंवा "नाही फुटत" एवढंच म्हण.

मामीला नमस्कार, छोट्यांना पापा.

तुझीच,
वल्लरी

ता. क. बाटल्यांचं मी गूगल केलं असतं, खरं तर. केलंसुद्धा. फुटतात. पत्र त्यासाठी नाहीये. मामा, मला तुझ्या लॅबमध्ये सहा महिने घेशील का? टाक्या धुवायला, लेबलं लावायला, काहीही. मला ते बुडुक परत ऐकायचंय. मला कॉन्ट्रॅक्टवर सही करायची नाहीये आणि हे बाबांना सांगायची माझी हिंमत नाही, कारण त्यांनी कोणाकोणाला सांगून ठेवलंय. तू सांग ना. तुझं ते ऐकतात. तीस तारखेच्या आत.

ता. क. २. एक कप मी चाळणीने गाळून चाखला होता, गाडीत जायच्या आधी. कडू, गुळचट, थोडी पावासारखी. मामा, ती चांगली झाली होती.

चि. चेतन, सुरेशचे अनेक आशीर्वाद. वल्लरीने पाकीट कुणालकडे दिलं, त्याने ते चिकटवायला माझ्याकडे दिलं, आणि मी ते वाचलं. चुकलं माझं. कोरी जागा दिसली म्हणून लिहितोय. वास मला ऑफिसला जातानाच, दुसऱ्या सिग्नलला कळला होता. तुझी बहीण आणि मी लग्नाआधी गोव्याला गेलो होतो, ते तुम्हा लोकांना कधी सांगितलं नाही, इतकंच. परत फिरलो असतो, पण पोलिसांची गाडी शेजारी होती आणि यू-टर्न घ्यायची हिंमत झाली नाही. चारही बाटल्या काल मी घरोघरी जाऊन परत आणल्या, सगळ्यांना सांगितलं की त्याने पुरळ येतं. एक तर फुटबॉलसारखी टणक झाली होती. सगळं ओतून टाकलं. पुन्हा या घरात असलं काही होणार नाही, हे तिला मी सांगणार आहे आणि मोठ्या आवाजात सांगणार आहे. पण ओतायच्या आधी एक चमचा घेतला, केवळ खात्रीसाठी. चौदा महिने ती ऑफिसला जाते आहे, जेवताना कामाविषयी एक वाक्य बोललेली मला आठवत नाही. ते सात दिवस मात्र दारातून बूट न काढता बाथरूमकडे पळायची. मला वाटलं पोटाचं काहीतरी आहे. मंडळातल्या लोकांना काय सांगायचं ते मी बघून घेईन. तू या कामात वीस वर्षं आहेस, तिला लहानपणापासून ओळखतोस, आणि मी बाप आहे म्हणून माझा त्या चमच्यावर विश्वास नाही. तीस तारखेला सही करायला लावू, की तुझ्याकडे पाठवू? खरं सांग, तुला काय वाटतं?