गिरणी बघितलीस, मालक न्हाई बघितलास

प्रिय अण्णा,

उद्या मी भालकीच्या सरकारी शाळेत मास्तरीण म्हणून रुजू व्हायलेय. अव्वा कालपासून माझ्याशी बोलत न्हाई. मग हे सांगू तरी कुणाला? म्हणून तुलाच लिहायलेय.

कापसाच्या गिरणीत कारकुनी मिळाली तेव्हा किती हरखला होतास! विजेचे दिवे, दारावर पितळी पाटी, सगळ्या गावात मालकाचं नाव. निजामाच्या वेळी शेरवानीत फिरणारा तो माणूस राज्य बदललं तसा खादीत आला. तू म्हणालास, "मालक आता आपल्यातला झालाय." कपडे बघितलेस, अण्णा. त्याच्या हाताखालची माणसं मान वर करून बोलतात का, हे कामून न्हाई बघितलंस?

तुला ताप भरला तेव्हा निरोप घेऊन मीच गेले होते. मला ऐकू जाईल असं मालक मुनीमाला म्हणाले, "हंगामात ज्याला घर आठवतं, त्यानं घरीच राहावं."

मी येऊन सांगितलं. तू उठलास, टोपी घातलीस. अव्वा आडवी आली तर आईवरच ओरडलास, "असली नोकरी पुन्हा मिळायची न्हाई!"

संध्याकाळी तुला बैलगाडीत घालून आणलं. केसांत कापूस तसाच होता. तू पुन्हा डोळे उघडलेच न्हाईस. गिरणी मात्र चालूच होती.

आणि पुढचं ऐक! मालकांनी त्यांच्या आईच्या नावानं मुलींची शाळा काढलीय. तुझ्यावरची माती अजून ओली असताना मुनीम आपल्या ओसरीवर येऊन बसला. "पोरगी सातवी झालीय. मालक शाळेत मास्तरीण म्हणून घेतो म्हणालेत. घरचीच आहे." अव्वा रडली. आनंदानं, अण्णा!

मी ती शाळा बघून आले. तिथल्या बाईंना विचारलं, "इथं कुणी आजारी पडलं तर?"

बाईंनी आधी दाराकडं बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "इथं कुणी आजारी पडत न्हाई."

मी मुनीमाला नको म्हणून सांगितलं.

"मालकाला नकार?"

"व्हय. आमच्या घरातलं एक माणूस त्यांना दिलंय. बास झालं."

भालकीच्या हेडमास्तरांनाही मी तेच विचारलं. ते खवळले, "नोकरी मागायला आलीस का झडती घ्यायला?" मी तिथून हलले न्हाई. मग कुरकुरत म्हणाले, "सांगून जायचं. वर्ग मी बघतो." शेजारी बसलेले मास्तर हसले. साहेबांसमोर मोकळं हसले! तेवढं मला पुरलं.

अव्वा म्हणते, पायानं लक्ष्मी लाथाडली. तुझ्यासारखीच हट्टी म्हणते. मालकांच्या गळ्यात परवाच्या सभेत पुन्हा हार पडले, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत आपले काका होते.

तुला मात्र एक वचन देते. पोटासाठी ज्या दारात जाईन, तिथं पगार विचारायच्या आधी तिथल्या माणसांची तोंडं बघीन. ती भ्यालेली दिसली, तर उपाशी परत येईन, पण माघारी जिवंत येईन.

तुझ्यावर अजून रागावलेली,
तुझी बहीण गंगू