नंदूचा जन्मदाखला

बोरीवली,
रविवार, २२ नोव्हेंबर १९८७

प्रिय दादा,

पाकीट जाड लागलं म्हणून खूश झाला असशील, तर होऊ नकोस. तू मागितलेला नंदूचा जन्मदाखला यात नाही. बाबांनी वॉर्ड ऑफिसात तीन खेपा घालून तो काढून आणला आणि "रजिस्टर पोस्टान धाड, हयगय नको" असं बजावून माझ्या हातात दिला. तो अजून माझ्याकडेच आहे. का आहे, ते सांगायला बरीच पानं लागतील. नलिनीवहिनीला नंतर दाखव हवं तर, आधी तू एकटा बसून वाच.

घरचं सांगते. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. गिरणी गेल्यावर बाबांना मिळालेली शाळेतली शिपायाची नोकरी मार्चमध्ये संपेल, पण घंटा अजून एका मिनिटाने मागेपुढे होत नाही. आपलं शेंडेफळ नंदू एस.वाय.ला गेलाय, मिशी फुटलीय आणि उलट उत्तरं द्यायला शिकलाय. मी दिवाळीनंतर अंधेरीच्या एका औषधाच्या कारखान्यात लागले. सलाईनच्या बाटल्या दिव्यासमोर धरायच्या, आत कण दिसला की बाजूला ठेवायची, नाही दिसला की पुढची घ्यायची. बरं चाललंय असं लिहिणार होते. पण आज खरं लिहायचं ठरवून बसलेय, तर बरं चाललेलं नाही.

तुझ्या इंग्रजीच्या कॅसेटी पोचल्या. बाराच्या बारा ऐकल्या. त्यातली बाई हॉटेलात सूप मागवते आणि मग ते गार आहे म्हणून तक्रार करते, ते नंदूला पाठ झालंय. आईने आमटी वाढली की तो त्याच सुरात तक्रार करतो आणि आई पळीने मारायला धावते. तू लिहिलंस की मी मुलाखतीला घाबरले असणार, पुटपुटले असणार, तिथे छाती काढून बोलावं लागतं. दादा, मी पुटपुटले नव्हते. व्हिसा नाकारल्याचं जे कारण तुला कळवलं, मार्क कमी पडले आणि बोलणं पटलं नाही, ते खोटं होतं. बाबांनी सांगितलं आणि मी लिहिलं. अक्षर माझंच होतं, म्हणून गुन्हाही माझाच धर.

खरं काय झालं ते कळायला तुला ८४ सालचा मे महिना आठवावा लागेल. तू तिथला नागरिक झाल्यावर पहिल्यांदाच आला होतास. हॉलमध्ये जमिनीवर फतकल मारून तू माझा फॉर्म भरलास, भावाने बहिणीला कायमची तिकडे बोलावून घ्यायचा. दहाबारा वर्षं लागतील म्हणालास, पण नंबर लावून ठेवलेला बरा. नंदू तेव्हा शाळेत, त्याचं मागाहून बघू म्हणालास. बाबांना काय आनंद झाला होता! "गॅसाचो नंबर लावलो, टेलिफोनाचो लावलो, आता अमेरिकेचोय लावलो," असं अख्ख्या सोसायटीला सांगून आले. मग तुझा अर्ज मंजूर झाल्याचा कागद आला. आईने तो देव्हाऱ्यात ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट उठलं ते कायमचं. तू रात्री गच्चीवर मला म्हणाला होतास, तिथे सगळं आहे गं, हाक मारायला माझं माणूस नाही. मला ते अजून आठवतं, आणि म्हणूनच हे पत्र लिहायला चार महिने लागले.

आता गेल्या जुलैचं सांगते. माहुलच्या खाडीतला चिखल मी दोन वर्षं बाटल्यांत भरून आणत होते ते तुला माहीत आहे. रिफायनरीच्या तेलाने काळा झालेला चिखल, आणि त्यात तेल खाऊन जगणारे जंतू. तिथली चंपाबाई कोळीण मला आपल्या होडीतून आत न्यायची आणि दर वेळी विचारायची, पोरी, तुझे किडे माझी खाडी कधी धुणार? तुझ्या देशातल्या एका प्रोफेसरांनी ते काम वाचलं, प्रवेश दिला, फी माफ केली, वर पगार देऊ केला. तुझ्याकडून एक पैसा न घेता मी येणार होते. शिकून परत यायचं, हेही माझं पक्कं होतं. तिकडच्या खाड्या मला काय करायच्या होत्या?

वकिलातीत जाण्याच्या आदल्या दिवशी बाबांनी देव्हाऱ्यातला कागद काढला आणि माझ्या फाइलीत सगळ्यात वर ठेवला. "पयला ताच दाखव. भाव थयसर आसा म्हणान कळांदेत त्यांका." आपल्याकडे वशिल्याशिवाय रेशनकार्डावर नाव चढत नाही, तिथे हा तर सख्ख्या भावाचा, सरकारी शिक्क्याचा वशिला. मलाही ते पटलं. एम.एस्सी. झालेल्या मला पटलं, तर बाबांना काय बोल लावू? मी खिडकीत उभी राहिले आणि न मागता तो कागद पुढे केला. साहेबाने कुंकवाचा डाग नखाने खरवडून बघितला, तारीख वाचली आणि फाइल मिटली. प्रोफेसरांचं पत्र त्याने उघडलंसुद्धा नाही. शिकायला जाणाऱ्याने परत येणार हे पटवून द्यायचं असतं. जिच्या भावाने तिला कायमची न्यायचा अर्ज करून ठेवलाय, ती परत येणार हे कोण मानेल? मी कागद दाखवला नसता तरी वाचले नसते, कारण फॉर्ममध्ये तो प्रश्न होताच आणि मी खोटं लिहिणार नव्हते.

घरी येऊन सांगितलं, तर बाबा तुझं नाव घेऊन एवढंच म्हणाले, "दत्तारामाक ह्या कळता नये. तो जीव देईत." म्हणून ते खोटं पत्र.

प्रोफेसर भला माणूस, त्याने जानेवारीपर्यंत जागा राखली. दिवाळीच्या आधी मी परत गेले. या वेळी कॉलेजचं पत्र नेलं, की परत आल्यावर नोकरी देऊ. खिडकीत बाई होती, चांगली बोलली. तुला तिथे राहायचं नाही ना, म्हणाली. मी म्हटलं, नाही. मग हे कशाला, म्हणून तिने तुझ्या अर्जाच्या नोंदीवर बोट ठेवलं. यावर मी काय सांगायचं? भावाची माया आहे, असं? त्याला कुठला दाखला जोडायचा? तिने फाइल मिटून परत दिली. तेवढ्यापुरतं तुझं खरं, तेव्हा मात्र मला बोलता आलं नाही.

माझ्या वर्गातली शकु आठवते? मुलुंडची, अंबादासकाकांची मुलगी. तिलाही त्याच खिडकीत, तिथे तुझं कोण आहे असं विचारलं. ती म्हणाली, कोणी नाही. तिला व्हिसा मिळाला. सांगताना तीच रडली वेडी. तिचं कोणी नव्हतं म्हणून ती गेली, आणि मला तू होतास. दादा, मला तुझा राग आला. आठ दिवस मी तुझ्या फोटोकडे बघितलं नाही. मग कळलं की रागावून उपयोग नाही, तू माझं वाईट केलंच नव्हतंस.

पंधरवड्यापूर्वी प्रोफेसरांचं पत्र आलं, जागा दुसऱ्याला दिली. आता कुठली दुसरी जागा शोधू? शोधली तरी खिडकी तीच. आणि तुझा अर्ज मागे घ्यायला धावू नकोस. अंधेरीला फॉर्म भरून देणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना विचारून आले. मागे घेतला तरी एकदा झालेली नोंद पुसली जात नाही म्हणाले. राहू दे तो. माझा नंबर लागेल तेव्हा तिशी उलटलेली असेल, आणि तेल खाणारे जंतू मी केव्हाच विसरलेली असेन. माहुलच्या बाटल्या मी परवा मोरीत ओतल्या आणि मोरी फिनेलने धुतली.

आणि त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं, की मागच्या वेळेसारखी टंगळमंगळ नको, नंदूसाठीही तसाच अर्ज आत्ताच करतो, जन्मदाखला पाठवा. बाबा पुन्हा तसेच हरखले. नंदू फिजिक्स घेऊन बसलाय. परवा मला हळूच म्हणाला, ताई, पुढे मला पण जायचंय शिकायला, तुझ्यासारखं नुसतं ठरवून राहायचं नाही. त्याचा दाखला तुझ्या कॅसेटींच्या डब्यात तळाशी घालून ठेवलाय, आणि तो मी पाठवणार नाही. बाबांना सांगेन की पाठवला. आता तुझ्याकडे एकच मागणं आहे. तू बाबांना लिही, की दाखला मिळाला, नंदूचा नंबर लागला. आम्ही तुझ्याशी चार महिने खोटं बोललो, तू त्यांच्याशी जन्मभर बोल. ते तुझं पत्र देव्हाऱ्यात ठेवतील, आई कुंकू लावेल, लावू दे. तू नंदूला पत्रं लिही, कॅसेटी पाठव, चुकला तर फोनवर कान उपट. फक्त वकिलातीच्या कागदावर त्याचा कोणी होऊ नकोस. उद्या त्या खिडकीत विचारलं, की तुला कायमचं बोलावून घेणारं तिथे कोण आहे, तर त्याला खरं बोलून म्हणता आलं पाहिजे, कोणी नाही.

रागावून झालेली, तरी तुझीच,
अनु